आपले चित्र आपल्या हाताने
(शिरोली एमआयडीसी येथील भाषण)



१९४९ साली शंकर यांनी एक व्यंगचित्र काढले. घटनारूपी गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब बसलेले असून मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. ते पाठ्यपुस्तकात छापले म्हणून २०१२ साली संसदेत निषेध झाला. तो रास्तच होता. परंतु वकील या नात्याने सांगतो, नुसत्या हरकतीने दावा जिंकता येत नाही; आपला पुरावा आपणच दाखल करावा लागतो. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी २०११ साली 'भीमायन' या चित्रकथेत तो दाखल केला आहे. १९२० ची माणगाव परिषद आपल्याच हातकणंगले तालुक्यात भरली. तिचे चित्र तुमच्या मुलामुलींना रेखाटू द्या. तो हात कोणापुढे पसरणार नाही.

जय भीम!