घड एप्रिलात धरतो
(रेडिओवरील भाषण)



मला विषय दिलाय राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांचा इतिहास. दहा मिनिटांत तो काही मावायचा नाही. ड्युरँड कप, रोव्हर्स कप, आयएफए शील्ड ही नावं तुमच्या ओळखीची आहेत आणि त्यांच्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे संतोष ट्रॉफीवर. तिच्याबद्दल माझं म्हणणं एकच आहे आणि ते आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरेल याचा भरवसा नाही. खेळ वरच्या स्पर्धेत दिसतो, पण तयार होतो तो खालच्या स्पर्धेत. म्हणून खालची स्पर्धा दरवर्षी, ठरल्या वेळी, न चुकता झाली पाहिजे. पुढं जे काही बोलेन ते याच्याच भोवती.

नाशिककरांना खरं तर हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. आपण द्राक्षाची माणसं. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, कुठल्याही बागाईतदाराला विचारा. बागेला वर्षात दोन छाटण्या. एक एप्रिलची खरड छाटणी, दुसरी ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ येतं ते ऑक्टोबरनंतर. फोटो त्याचे निघतात, व्यापारी त्याच वेळी येतो, भाव तेव्हाच ठरतो. एप्रिलच्या छाटणीनंतर हाताला काय लागतं? नुसती काडी. भर उन्हात मजूर लावायचे, सबकेन करायचं, शेंडे मारायचे, पाणी मोजून द्यायचं आणि एक मणी दिसत नाही. पण त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात घड तयार होत असतो. ऑक्टोबरात तो फक्त बाहेर येतो. उन्हाळ्यात ज्यानं हयगय केली, त्याच्या बागेत पुढं वांझ फुटी निघतात. मग कितीही महागडी औषधं मारा, नसलेला घड फवारणीनं येत नाही.

संतोष ट्रॉफी ही भारतीय फुटबॉलची एप्रिल छाटणी आहे. पण ती पहिल्यापासून तशी नव्हती. तिचा इतिहास म्हणजे वरून खाली येण्याचा इतिहास आहे, आणि मला तो फार शिकवणारा वाटतो.

१९३७ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. चार वर्षांनी, १९४१ मध्ये, प्रांतांच्या संघांची ही राष्ट्रीय स्पर्धा कलकत्त्यात सुरू झाली. पूर्व बंगालातल्या संतोषचे महाराज, सर मन्मथनाथ रायचौधुरी, हे कलकत्त्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे, म्हणजे आयएफएचे, अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ हा चषक दिला गेला. पहिल्या अंतिम सामन्यात बंगालनं दिल्लीला ५-१ असं हरवलं. उपविजेत्याला मिळतो तो कमला गुप्ता चषक, तिसऱ्या क्रमांकाला संपंगी चषक. यातले संपंगी हे म्हैसूरचे फुटबॉलपटू. राजाचं नाव पहिल्या चषकाला आणि खेळाडूचं तिसऱ्याला, पण दिलं हे काय कमी आहे? आपण आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या खेळाडूच्या नावानं साधी ढाल तरी ठेवली आहे का? असो. वेळ थोडा आहे.

त्या काळी देशाच्या संघात यायचं तर ही स्पर्धा गाजवावी लागे. आपल्या मुंबईनं ती पहिल्यांदा जिंकली १९५४ साली, मद्रासला, सेनादलाला हरवून. पुढं दोनच वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे, आणि नेव्हिल मुंबईच्या मैदानांवर खेळणारा. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ते यश मेलबर्नमध्ये दिसलं, पण धरलं होतं कुठं? प्रांतांच्या सामन्यांत, क्लबांच्या मैदानांवर, तिकीट काढून आलेल्या गिरणी कामगारांसमोर. पुन्हा एप्रिल आणि ऑक्टोबर. मी हे परत परत म्हणणार आहे, कंटाळू नका.

मग काय झालं? १९७७ मध्ये क्लबांसाठी फेडरेशन कप आला. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. प्रत्येक वेळी संतोष ट्रॉफी एक पायरी खाली गेली. नामांकित खेळाडू क्लबांकडे गेले, टीव्ही त्यांच्या मागं गेला, प्रेक्षक टीव्हीच्या मागं गेला. आता लोक विचारतात, या स्पर्धेत राहिलंय काय?

राहिलंय ते सांगतो. केरळचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये केरळनं ही ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली. नंतर मोठा खंड. मग १९८८ पासून सलग चार वेळा केरळ अंतिम सामन्यात हरलं. पंजाबकडून, बंगालकडून, गोव्याकडून, आणि चौथ्या वेळी आपल्या महाराष्ट्राकडून, तेही त्यांच्याच घरात, पालक्काडला. चार वर्षं ओळीनं तोंडाशी आलेला घास गेला. आपण असतो तर काय केलं असतं? समिती नेमली असती, प्रशिक्षक बदलला असता आणि पाचव्या वर्षी संघ पाठवायलाच उशीर केला असता. केरळनं बाग सोडली नाही. १९९२ ला जिंकले, १९९३ ला जिंकले. त्र्याण्णवच्या अंतिम सामन्यात त्यांनी हरवलं कुणाला, तर महाराष्ट्राला. हिशेब चुकता.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात, मंजेरीला, याच उतरत्या मानलेल्या स्पर्धेला स्टेडियम ओसंडून वाहत होतं. उपांत्य सामन्यात केरळनं कर्नाटकाला ७-३ असं हरवलं आणि त्यातले पाच गोल बदली म्हणून उतरलेल्या जेसिन नावाच्या तरुण पोरानं केले. अंतिम सामन्यात बंगालला पेनल्टीवर हरवून ट्रॉफी घेतली. त्या गर्दीतल्या किती जणांनी, यात मोठे खेळाडू कुठं आहेत, असं विचारलं असेल? त्यांचा मोठा खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर मोठा होत होता.

आता महाराष्ट्राकडं येतो. इथं थोडं रागावणार आहे. आपण ही ट्रॉफी चार वेळा जिंकलो. १९५४ सांगितलं. मग १९६३-६४, मग १९९०-९१ चं पालक्काड, आणि शेवटची १९९९-२००० मध्ये त्रिशूरला, पुन्हा केरळला त्यांच्या घरात ३-२ असं हरवून. त्यानंतर हात रिकामा. ज्या मुलांचा जन्म त्या वर्षी झाला, त्यांची आता खेळायची उमेद निम्मी संपली.

याच काळात वरच्या मजल्यावर मात्र आपली चंगळ होती. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये निघाला आणि २००८ मध्ये आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून वर गेला. पुणे एफसीही दुसऱ्या श्रेणीतूनच वर आला, पहिल्याच हंगामात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता झाला. केवढी भरलेली बाग! आणि मग? महिंद्रचा संघ २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये गुंडाळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली उतरला आणि मग त्याचा संघच उभा राहिला नाही. मालकांना मी दोष देत नाही, खर्च त्यांचा, निर्णय त्यांचा. पण एक तारीख लक्षात ठेवा. पुणे एफसी संपल्यानंतरच्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, नागपूरला संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना झाला आणि त्यात महाराष्ट्र होता. सेनादलाकडून आपण २-१ असे हरलो. एका गोलानं! क्लब येतात आणि जातात. राज्याचा संघ कुणी विकू शकत नाही, कुणी बंद करू शकत नाही. त्याच्याकडं दुर्लक्ष मात्र करता येतं, आणि ते आपण मन लावून केलं.

सेनादलाचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०२४ पर्यंत त्यांनी ही ट्रॉफी सात वेळा जिंकली होती. पहिली १९६०-६१ ला आणि उरलेल्या सहाच्या सहा २०११ नंतर. म्हणजे स्पर्धेचं वलय गेल्यावर! यात जादू नाही. त्यांच्या खेळाडूला उद्याच्या पगाराची काळजी नाही, सराव ठरलेला आहे, स्पर्धेआधी शिबिर ठरलेलं आहे. देवळालीच्या छावणीजवळ राहणाऱ्यांना ही शिस्त मी काय सांगावी! ठरलेली वेळ पाळली की डोळ्यात घड धरतो. सेनादलानं एवढंच केलं.

बंगालचंही तेच. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री, सगळा देश नव्या वर्षाच्या गडबडीत असताना, हैदराबादला बंगालनं केरळला १-० असं हरवून तेहतिसाव्यांदा ही ट्रॉफी घेतली. गोल रबी हांसदाचा, तोही भरपाई वेळेत. त्या स्पर्धेत त्याचे बारा गोल झाले. नंतर राज्य सरकारनं खेळाडूंना नोकऱ्या जाहीर केल्या. रबी हा आदिवासी घरातला मुलगा, घरची परिस्थिती बेताची. त्याला दिसण्यासाठी ही स्पर्धा होती. ती नसती तर तो कुणाला दिसला असता? सुरगाण्यात, पेठमध्ये, त्र्यंबकच्या पाड्यांवर अशी पोरं नाहीत का? डोंगर चढून शाळेत येणाऱ्या पोराची छाती कधी बघितली आहे तुम्ही? आपल्याकडची पोरं धावण्यात पुढं गेली हे सगळं जग जाणतं. मग त्यांच्या पायात चेंडू द्यायला काय होतं?

मधे एक गंमत झाली, तीही सांगायला हवी. २०२३ मध्ये या स्पर्धेचे शेवटचे सामने थेट सौदी अरेबियात, रियाधला नेले. कर्नाटकानं मेघालयाला ३-२ असं हरवलं. चोपन्न वर्षांनी त्यांना ट्रॉफी मिळाली, त्याचं कौतुकच आहे. पण स्पर्धा जिथं खेळली जाते तिथली पोरं ती बघायला यायला हवीत. मंजेरीची गर्दी रियाधला कशी येणार? एप्रिलची छाटणी परदेशी करून चालत नाही, तिथं आपली माती हवी. या मुद्द्यावर बरंच बोलता येईल, पण घड्याळ पुढं सरकलंय.

आता पालकांना एक शब्द. तुमची मुलं रात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने बघतात. बघू द्या, माझी ना नाही. परदेशी खेळाडूचं नाव पाठीवर लिहिलेली जर्सी घेता, घ्या. पण शहरात शाळांचे आणि जिल्ह्याचे सामने होतात, तिथं बाकांवर कोण असतं? राखीव खेळाडू आणि एखाददुसरा कुत्रा. आपला मुलगा खेळत असला तरी बाप मोटारसायकलवर बसूनच विचारतो, संपायला किती वेळ आहे. काका, खाली उतरा! दोन तास उन्हात उभे राहा. बागेत राहता ना?

राज्याचा संघ आकाशातून पडत नाही. पश्चिम भारत फुटबॉल संघटनेच्या आंतरजिल्हा स्पर्धेत जिल्ह्यांचे संघ खेळतात, तिथून मुलं निवडकर्त्यांच्या नजरेत येतात. म्हणजे संतोष ट्रॉफीच्याही खाली आणखी एक एप्रिल आहे, आणि तो आपल्या दारात आहे. कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही. तिथं पेठेचा सामना असला की शाहू स्टेडियमवर जागा मिळत नाही. नाशिकनं कोल्हापूर व्हावं असं मी म्हणत नाही, नाशिकनं निदान सामना किती वाजता आहे एवढं विचारावं.

म्हणून तीन मागण्या. पहिली, तारखा. जिल्ह्याच्या स्पर्धा कधी होणार हे वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हावं आणि त्या तारखांना त्या व्हाव्यात. ढाल लहान असली तरी चालेल, बक्षीस नसलं तरी चालेल, पण एक वर्षही भाकड जाऊ देऊ नका. दुसरी, नोकरी. अठरा ते तेवीस या वयात पोरगं खेळ सोडतं ते पायानं नाही, पोटानं. इथले कारखाने, सहकारी बँका, द्राक्षाचे निर्यातदार यांनी दोन-दोन खेळाडू जरी ठेवून घेतले तरी जिल्ह्याचा संघ उभा राहील. मोठा क्लब काढू नका, तो बंद पडतो हे आपण बघितलंय. दोन मुलं ठेवा, एवढंच.

तिसरी मागणी पंचांची. खालच्या स्पर्धेत पंच जर... काचेपलीकडून बाई खूण करताहेत, म्हणजे वेळ संपली. पंचांवर बोलायला मला पुन्हा बोलवावं लागेल. तोवर जिल्ह्याचे सामने कधी आहेत ते विचारा. कुणी सांगितलं नाही तर पुन्हा विचारा.