वाख, सूत, वस्त्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक मला होती. पण आपल्या विद्यार्थ्यांनी याच निमित्ताने पर्यावरणाला जपणाऱ्या नव्या तंतूंचे प्रदर्शन मांडायचे ठरविले आहे असे कळले, आणि विषय आपोआप ठरला. मराठी शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने केळीच्या वाखावर आणि काळ्या कापसावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. माझी सबब एवढीच की तंतू, तान आणि तंत्र हे तिन्ही शब्द 'तन्', म्हणजे ताणणे, या एकाच धातूपासून निघाले आहेत. तंत्र म्हणजे मुळात माग, मागावरचा उभा ताणा. तेव्हा तंत्रज्ञानाच्या अंगणात भाषेचा माणूस अगदीच उपरा नाही.

बाहेर मांडलेले नमुने मी सावकाश पाहिले. केळीच्या सोपटांचा वाख आहे, कच्छचा देशी कापूस आहे, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला व्हिस्कोस आहे, प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून ओढलेले पॉलिएस्टर आहे. प्रत्येकापुढे 'नवे संशोधन' अशी पाटी आहे. या 'नवे' शब्दाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण तंतूच्या आणि रंगाच्या नवेपणाशी आपल्या बडोद्याचा संबंध फार जुना आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, रसायन असे विषय तेथे शिकविले जात, आणि आरंभीच्या काळात ते देशी भाषेतून शिकविले जात. रंगाऱ्याच्या आणि विणकराच्या मुलाला शास्त्र शिकवायचे तर त्याच्या बोलीतूनच शिकविले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. म्हणून गुजराती व मराठीत शास्त्रीय ग्रंथ आणि परिभाषा घडविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. (मुंबईतील राणीच्या पुतळ्याला कुणीतरी फासलेले डांबर रसायनाच्या बळावर उतरवून दाखविणारे गज्जर ते हेच. लोकांना हीच गोष्ट तेवढी आठवते, याचे मला वाईट वाटते.)

त्या काळी नवे काय होते? जर्मनीहून येणारे कृत्रिम रंग. मंजिष्ठेच्या मुळीतला लाल रंग, अलिझरिन, १८६९ साली प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. कलाभवनाचा विद्यार्थी हे रंग वापरायला शिकला, आणि ते शिकणे तेव्हा खरोखरच प्रगतीचे होते. आज आपण मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल यांना प्रदर्शनात 'नवीन' म्हणून मांडतो. मी थट्टा करीत नाही. जे एका पिढीने जुने म्हणून टाकले ते दुसरीने नवे म्हणून उचलले, तर मधल्या काळात काय हरवले हे पाहावे लागते. रंगाच्या बाबतीत हरवली ती हातोटी: कोणत्या पाण्यात, किती वेळ, तुरटीचे प्रमाण काय, हे जाणणारी माणसे.

दुसरा नवेपणा आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १९६९ साली येथे इंडियन पेट्रोकेमिकल्स उभी राहिली. तिच्या आवारात ऍक्रिलिक तंतू बनू लागला. शेजारच्या खत कारखान्यात, म्हणजे गुजरात स्टेट फर्टिलायझर्समध्ये, नायलॉनचे मूळ द्रव्य कॅप्रोलॅक्टम तयार होऊ लागले. या सभागृहातील कितीतरी घरांची चूल या कारखान्यांवर चालली. स्वस्त, टिकाऊ, इस्त्री न लागणारे कापड सामान्य माणसाच्या अंगावर आले ते या तंतूंमुळे. त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु हिशेबही मांडला पाहिजे. २०२३ साली जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतू निघाले, आणि त्यांतले सुमारे ५७ टक्के एकटे पॉलिएस्टर होते. ते खनिज तेलातून येते, धुताना त्याचे सूक्ष्म कण पाण्यात जातात, आणि ते कुजत नाही. बाटल्यांपासून केलेले पॉलिएस्टर यावर उपाय आहे काय? अर्धाच. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते; बाटलीचा शर्ट झाला की तो सहसा तेथेच थांबतो, कारण जुन्या कापडातून पुन्हा कापडाचा तंतू काढण्याचे प्रमाण अजून जगभरात एक टक्क्याच्याही आत आहे. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातले की ते पुन्हा वेगळे करणे तर अधिकच कठीण.

आता केळीकडे वळतो, कारण येथे प्रश्न आपल्या दाराशी आहे. भरूच, आणंद आणि आपला वडोदरा जिल्हा, तिकडे तापीकाठचे रावेर-यावल, हा सारा केळीचा मुलूख. केळ एकदाच व्यालते. घड उतरला की खोड तोडावे लागते, आणि ते बांधावर कुजत पडते नाहीतर शेतकरी पदरचे पैसे खर्चून ते उचलून टाकतो. त्या खोडाच्या सोपटांत वाख असतो, ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. फिलिपाइन्समधला आबाका हा केळीचाच भाऊबंद, आणि जपानच्या ओकिनावा बेटांवर केळीच्या जातीच्या तंतूंचे तलम वस्त्र शतकानुशतके विणले जात आले. आपल्याकडेही फुलांचे हार केळीच्या सोपटाच्या दोरीनेच बांधत. मग अडते कोठे?

नवसारी कृषी विद्यापीठाने राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पाखाली, मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि सुरतची मानवनिर्मित वस्त्र संशोधन संस्था यांना बरोबर घेऊन, नेमक्या याच प्रश्नावर काम केले. मला त्या कामाचे मोल वाटते ते त्यातील व्यवहारज्ञानासाठी. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते; वाख निघतो तो वजनाच्या मानाने अगदी थोडा. म्हणजे खोड कारखान्यात वाहून नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे. यंत्रच शेताकडे गेले पाहिजे. खोड ताजे असतानाच सोपटे खरवडावी लागतात. आणि नुसत्या वाखावर खर्च निघणे अवघड. म्हणून खोडाच्या रसाचे द्रवरूप खत, चोथ्याचे गांडूळखत, आतल्या गाभ्याचे खाद्यपदार्थ, असा सगळ्या खोडाचा विचार त्यांनी केला. माझ्या मते शोध म्हणावा तो हा. वाख निघतो हे तर हारवाल्यालाही माहीत होते.

पण वाख म्हणजे सूत नव्हे. केळीचा वाख जाड, राठ आणि डिंकट. तो कापसाच्या गिरणीत घातला तर तेथील यंत्रे त्याला घेत नाहीत, कारण ती कापसाच्या आखूड, मऊ तंतूसाठी जुळविलेली असतात. डिंक काढावा, मऊ करावा, कापून कापसात मिसळावा, तेव्हा कोठे कापड. प्रत्येक पायरीवर पाणी, रसायन आणि मजुरी लागते. आणि त्या पायऱ्यांचा हिशेब न मांडता 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी लावणे मला पटत नाही. टोपल्या, चटया, दोर, कागद यांत हा वाख जसाच्या तसा शोभतो. त्याला शर्ट होण्याची सक्ती का?

कच्छच्या काळ्या कापसाची कथा उलट दिशेने जाते. हा 'हर्बेशियम' जातीचा देशी कापूस. भरूचचा एके काळी जगभर 'ब्रोच' नावाने विकला जाणारा कापूस याच कुळातला. पावसाच्या पाण्यावर येतो, रोगकिडीला सहसा दाद देत नाही. त्यातल्या वागड जातीची बोंडे पूर्ण उमलत नाहीत. ती तशीच खुडून घरी आणून फोडावी लागतात. धागा आखूड. लँकेशायरच्या चात्यांना लांब धागा हवा होता, पुढे आपल्या गिरण्यांनाही तोच हवा झाला. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा जगातला व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस आला, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि देशी कापूस कडेकडेच्या कोरडवाहू रानांत उरला. तिकडे कच्छच्या विणकरांच्या शालींत लोकरीच्या जागी ऍक्रिलिक सूत शिरले. भूकंपानंतर २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या 'खमीर' या संस्थेने आणि सेंद्रिय शेतकऱ्यांच्या 'सात्विक' संस्थेने हे शेतकरी आणि हे विणकर एकमेकांसमोर आणले. आरंभी सूत मागावर तुटत असे आणि विणकर नाखूश होते. कताई बदलली, खळ बदलली, मागाचा ताण बदलला, तेव्हा कापड झाले. तंतू तोच होता, हजारो वर्षांचा. नवी होती ती मधली माणसे आणि त्यांची खटपट.

येथे मला १९२९ सालची एक जाहिरात आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र साध्या झोपडीत मावावे, हातापायांनी चालावे, बाईमाणसाला ते आठ तास फारसे न थकता चालविता यावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. आमच्या किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र त्या स्पर्धेला गेले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तरीही त्या अटी मला कोणत्याही यंत्राइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण त्या वापरणाऱ्याकडून लिहिलेल्या होत्या. बाहेरच्या प्रदर्शनातील पाट्यांवर तंतूची ताकद लिहिली आहे, पाण्याची बचत लिहिली आहे. सोपटे खरवडणारी बाई दिवसभर ओल्यात उभी राहते काय, यंत्र बिघडले तर गावात दुरुस्त होते काय, हे लिहिलेले नाही.

मुलांनो, ते लिहून काढणे तुम्हाला शक्य आहे. पादरा, करजण येथून केळीचे शेत फार दूर नाही. तेथे जा, आणि जाताना गुजराती-मराठी शब्दांची एक वही बरोबर ठेवा. खोडाच्या थरांना, वाखाच्या प्रतींना, राठपणाच्या पायऱ्यांना तेथील माणसे काय म्हणतात ते टिपून घ्या. गज्जरांनी परिभाषेचे जे काम आरंभले होते, त्यात हे पान अजून भरायचे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आहेत आणि ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे: पुढच्या वर्षी या ओसरीत वाखाचा नमुना न ठेवता, वाख काढणाऱ्या बाईने चालवून पाहिलेले यंत्र ठेवावे, आणि त्याबद्दल दोन शब्द तिलाच बोलू द्यावेत. व्याख्यानाची वेळ कमी करावी लागली तरी माझी हरकत नाही.