घनाकृतींचा पाठ : चित्राआधी वस्तू



फळ्यावर इष्टिकाचितीचे चित्र काढून तिची पृष्ठे, कडा व शिरोबिंदू मोजावयास सांगितले असता एखादा चुणचुणीत विद्यार्थी उत्तर देतो, "पृष्ठे तीन, कडा नऊ, शिरोबिंदू सात." त्यास चूक म्हणून खाली बसविले जाते आणि सहा, बारा, आठ हे आकडे वर्गाकडून घोकून घेतले जातात. वास्तविक त्याची मोजणी अचूक असते. तुटक रेषा न काढलेल्या चित्रात तेवढेच दिसते. उरलेली तीन पृष्ठे, तीन कडा व एक शिरोबिंदू पलीकडे दडलेले असतात. डोळ्यांनी पाहणारा मुलगा हरावा व पाठ करणारा जिंकावा, हे भूमितीच्या आरंभीच घडणे फार हानिकारक होय.

तोच प्रश्न हाती काडेपेटी देऊन विचारावा. पेटी फिरविली की सहा पृष्ठे आपोआप मोजली जातात. प्रत्येक पृष्ठास चार कडा, म्हणून सहा पृष्ठांच्या चोवीस. परंतु प्रत्येक कड दोन पृष्ठांत सामाईक, म्हणून बाराच. शेजारच्या दोन शेतांमधला बांध एकच असतो, हे खेड्यातील मुलास निराळे सांगावे लागत नाही. पृष्ठांचे कोपरेही चोवीसच. पण दर शिरोबिंदूपाशी तीन पृष्ठे मिळतात, म्हणून शिरोबिंदू आठ. येथे पाठांतराचे कारणच उरत नाही.

यापुढे ओल्या मातीची वीट करून तिचा एक कोपरा ताणलेल्या दोऱ्याने कापावा. काप लहान असावा. तो त्या कोपऱ्याच्या तीनच कडांतून जावा. एक शिरोबिंदू गेला, तीन आले. कडा तीन वाढल्या, पृष्ठ एक वाढले. आता शिरोबिंदू १०, पृष्ठे ७, कडा १५. शिरोबिंदू व पृष्ठे यांची बेरीज कडांहून आधीही दोनांनी अधिक होती, आताही तितकीच आहे. चौरस तळाच्या सूचीतही ५ व ५ मिळून १०, आणि कडा ८. स्विस गणिती ऑयलर यांनी १७५० साली गोल्डबाख यांस लिहिलेल्या पत्रात हाच संबंध कळविला होता. मुलांना तो मातीतून सापडू द्यावा. सूत्र आधी सांगू नये.

वृत्तचिती, शंकू व गोल यांची पृष्ठे वक्र असल्याने हा हिशेब तेथे लावू नये. त्यांचा पाठ निराळा. एकाच तळाची व उंचीची वृत्तचिती आणि शंकू पुठ्ठ्याचे करून शंकूने वाळू ओतली, तर तीन शंकूंत वृत्तचिती काठोकाठ भरते. पुठ्ठा मात्र जाड घ्यावा. पातळ कागदाचा शंकू वाळूच्या भाराने फुगतो आणि तिसरा शंकू संपण्याआधीच वाळू सांडू लागते.