श्रेय आणि अंक
(खंडेराव गेट, झाशी येथील व्याख्यान)



झाशीच्या जुन्या तटाच्या काही दरवाज्यांना दतिया, ओरछा, सागर अशी गावांची नावे आहेत. खंडेराव गेट हे नाव मात्र मराठी कानाला घरचे वाटते. १७४२ मध्ये नारो शंकर येथे सुभेदार झाले आणि पुढे मराठी घरे या शहरात रुजली. अशा घरातील मुलाची भाषा उंबरठ्याच्या आत मराठी, बाजारात हिंदी-बुंदेली आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी असते. महाराष्ट्रातील मराठी शाळेतून गेलेल्या मुलालाही महाविद्यालयात हाच पालट सोसावा लागतो. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच वर्गात तो अधिक जाणवतो.

अशा विद्यार्थ्यापुढे आज अधिक श्रेयांकांची वाट खुली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक धरले असून, आणखी २० श्रेयांक मिळविणाऱ्यास ऑनर्स पदवीची तरतूद आहे. हे श्रेयांक ‘स्वयम्’सारख्या मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही मिळविता येतात. शिक्षण विनामूल्य असते. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून, नेमलेल्या केंद्रावर पर्यवेक्षणाखाली परीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर प्रोग्रॅमिंगचे छोटे पाठ मराठी आवाजातही उपलब्ध केले आहेत.

सोय उत्तम आहे. प्रश्न तिच्या वापराचा आहे. साप्ताहिक स्वाध्याय मित्राकडून उतरवून घेता येतो आणि आता यंत्राला विचारले तर प्रोग्रॅम क्षणात लिहून मिळतो. अंक पदरात पडतात. पण ‘श्रेयांक’ या शब्दात श्रेय आधी आहे आणि अंक नंतर.

एक साधे उदाहरण पाहावे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची १,००० नावांची, अकारविल्हे लावलेली यादी आहे. एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून वाचत गेल्यास प्रसंगी १,००० नावे पाहावी लागतील. त्याऐवजी मधले नाव पाहावे, हवे ते नाव त्याच्या आधी येते की नंतर हे ठरवावे आणि उरलेली अर्धी यादी सोडून द्यावी. असे करीत गेल्यास जास्तीत जास्त १० वेळा पाहून काम भागते. दहा लाख नावांनाही २० वेळा पुरतात. ही युक्ती ‘बायनरी सर्च’ म्हणून शिकविली जाते आणि तिचा प्रोग्रॅम मोजक्या ओळींचा असतो.

आता तीच यादी विस्कटलेली असेल तर? प्रोग्रॅम तक्रार करीत नाही, थांबतही नाही. यादीत असलेले नावही तो ‘नाही’ म्हणून मोकळा होऊ शकतो. ज्याने ओळी उतरविल्या त्याला चूक दिसत नाही. ज्याने कागदावर पाच-दहा नावे मांडून, अर्धी अर्धी खोडून पाहिली, त्याला यादी क्रमाने का हवी हे कळलेले असते. दोघांच्या गुणपत्रिका सारख्या असू शकतात; उद्या रुग्णालयाची किंवा बँकेची नोंदवही मात्र यांपैकी एकावरच सोपवावी, असे कोणालाही वाटेल.

म्हणून पालकांकडे एक छोटे काम येते, आणि त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. मुलाने अधिक श्रेयांक मिळविले की ‘किती?’ याबरोबरच ‘काय केलेस ते मराठीत समजावून सांग’ असे म्हणावे. जेथे तो अडखळेल तेथे ‘असे का?’ एवढेच विचारावे. परकीय शब्द पाठ करून पुढे सरकता येते. आईला किंवा आजोबांना घरच्या भाषेत सांगताना न समजलेला भाग झाकता येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी आठवड्यातला एक तास धाकट्यांचे असे सांगणे ऐकण्यासाठी द्यावा.

मराठी शाळेने मुलाला विचार करण्याची भाषा दिली. महाविद्यालयातील अधिकचे श्रेयांक त्या भाषेत उलगडता आले, तर त्यांतले श्रेय खरोखर त्याचे.