न पाहिलेले घर आणि त्यातली माणसे



घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून विकत घेणे ही काही आजची नवलाई नव्हे. मुंबईत वा नागपुरात राबणाऱ्या माणसाने दलालाच्या शब्दावर जागा घ्यावी, किंवा परगावी स्थिरावलेल्या भावाने मुखत्यारपत्र पाठवून वडिलोपार्जित घर विकावे, हे व्यवहार जुनेच आहेत. आता दलालाच्या शब्दाची जागा मोबाईलवरील चित्रफितीने घेतली, एवढाच फरक. म्हणून प्रश्न यंत्राचा नाही. अशा व्यवहारात जे दिसत नाही त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

वरठीचेच उदाहरण घ्यावे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील येथील स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’. पण गाव वरठी, तालुका मोहाडी. आणि जिल्ह्याचे शहर येथून काही मैल दूर. ‘भंडारा रोड स्थानकाजवळ भूखंड’ अशी जाहिरात कोणी केली, तर तिच्यात असत्य शब्द एकही नसेल. तरी दूरचा ग्राहक मनात भंडारा शहर रंगवील आणि त्या चित्राचे पैसे मोजील. एकदा येथे उतरलेल्या माणसाला ही फसगत होणार नाही. न उतरलेल्याला मात्र ती नकाशावरही सहजी कळणार नाही.

कायदा अशा ग्राहकाला कितपत सांभाळतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विक्रेत्यावर दोष सांगण्याचे बंधन घालते. पण ते अशाच महत्त्वाच्या दोषांपुरते, जे विक्रेत्याला ठाऊक आहेत आणि ग्राहकाला सर्वसाधारण दक्षता घेऊनही कळले नसते. भिंतीला गेलेला तडा जो पाहायला आलाच नाही, त्याची तक्रार येथेच लंगडी पडते. त्याच कायद्याचे ३ रे कलम त्याहून पुढे जाते. जागेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हक्काची जाणीव ग्राहकाला होतीच, असे ते गृहीत धरते. थोडक्यात, ग्राहक जागेवर जाऊन आला आहे, हे कायद्याने आधीच मानले आहे.

पण जागेवर जाणे सर्वांना सारखे सोपे नसते. श्रीमंत स्वतः गेला नाही तरी त्याचा वकील जातो. कामगाराने जायचे तर रोजी बुडते, गाडीभाडे लागते. म्हणून दुरून होणाऱ्या व्यवहारांना सरसकट विरोध करणे हा श्रमिकांवर अन्यायच ठरेल. त्यांच्या वतीने पाहणारे डोळे निर्माण करणे, हे खरे काम आहे.

बांधकामाधीन घरांच्या बाबतीत लढून काही मिळाले आहे. महाराष्ट्राने १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयी कायदा केला. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याचे १२ वे कलम सांगते की, खोट्या जाहिरातीवर किंवा नमुना सदनिकेवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान विकासकाने भरून द्यावे. पण या कायद्याचे छत्र गावातल्या जुन्या घराच्या फेरविक्रीवर नाही, आणि पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्रकल्पांना त्याखाली नोंदणीची सक्ती नाही. अनधिकृत अभिन्यासांत भूखंड घेतलेल्या नागपूरकरांना रस्ता, गटार आणि नळ यांसाठी किती वर्षे खेटे घालावे लागले, हे सर्वज्ञात आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यांच्याचसारख्यांसाठी करावा लागला.

आता व्यवहाराची दुसरी बाजू. न पाहिलेल्या घरात बहुधा कोणीतरी राहत असते: परत आलेली बहीण, विधवा भावजय, वर्षानुवर्षांचा भाडेकरू. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव एकट्या भावाचे असते. ती कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये समान वाटा दिला. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले. तरीही वकिलाची जाहीर नोटीस अशा वर्तमानपत्रात छापली जाते, जे त्या बहिणीच्या हाती कधी पडत नाही. आक्षेपाची मुदत संपते, आणि घर विकले गेल्याचे तिला कळते ते दाराशी अनोळखी माणूस उभा राहिल्यावर. मग न्यायालयाच्या पायऱ्या दोघांनाही चढाव्या लागतात: तिला, आणि आयुष्याची पुंजी ओतलेल्या त्या ग्राहकालाही. विकणारा तोवर नामानिराळा झालेला असतो.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जातात. मोजणी आवश्यकच होती. परंतु आकाशातून छप्पर दिसते. छपराखाली कोण राहते, हे जमिनीवरच्या चौकशीतच ठरते. त्या चौकशीच्या दिवशी घरातल्या बायका हजर असतील आणि बोलतील, हे पाहणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

यासाठी तीन मागण्या धराव्यात. राहत्या घराच्या विक्रीची नोटीस त्याच घराच्या दारावर लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. खरेदीखताला प्रत्यक्ष रहिवाशांची यादी जोडली जावी, आणि ती जागेवर पंचनामा करून तयार व्हावी. मुखत्यारामार्फत विक्री असेल, तर घरातील सज्ञान स्त्रियांचे जबाब नोंदवले जावेत.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर गावोगावच्या शाखांना एक काम आजच हाती घेता येईल. परगावच्या कोणा श्रमिकाने विचारले, तर जागेवर जावे, रस्ता आणि विहीर पाहावी, सातबारा वा मिळकतपत्रिका काढावी आणि घरात राहणाऱ्यांशी बोलावे. जे दिसेल ते त्याला कळवावे. आणि घर विकायला निघाले आहे, हे त्या घरातल्या माणसांनाही सांगावे. दोन्ही बाजूंची गरीब माणसे एकमेकांना व्यवहारापूर्वी भेटली, तर पुढचे पुष्कळसे दावे उभेच राहणार नाहीत.