वजन उतरलं, आता पोटभर जेवू द्या

तुमच्या घरातल्या वाढत्या वयाच्या मुलाचं किंवा मुलीचं वजन बरंच उतरलं असेल, तर आता ताट आणखी कमी करू नका. या वयात उंची वाढते, हाडं भरतात. त्यासाठी अन्न लागतंच. ते कमी पडलं तर काय होतं, हे पाहा. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी एक प्रयोग केला. स्वतःहून पुढे आलेल्या धडधाकट तरुणांना त्यांनी काही महिने अर्धपोटी ठेवलं. ते तरुण थकले, चिडचिडे झाले. त्यांना सतत थंडी वाजू लागली, डोक्यात दिवसभर जेवणच घोळू लागलं. आणि सावरताना त्यांना नेहमीपेक्षा जास्त अन्न द्यावं लागलं.

तुम्ही म्हणाल, मग वजन परत वाढेल. थोडं वाढेलच, आणि वाढत्या वयात ते वाढायलाच हवं. म्हणून भाकरी, उसळ, दही, अंडं, मूठभर शेंगदाणे, सगळं पोटभर द्या. व्यायामही हवा, पण खाल्लेलं जाळण्यासाठी नव्हे. कबड्डी, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या चांगल्या; अधूनमधून विश्रांतीही हवी. मात्र चक्कर येत असेल किंवा मुलीची पाळी थांबली असेल, तर व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.