नऊ दिवसांचा पाहुणा
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवातले चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषय विचारला तेव्हा मी 'लोणची व मुरांबे टिकवण्याच्या युक्त्या' असा सांगून ठेवला होता. तयारीही झाली होती. परंतु मध्यंतरी घरात एक गोष्ट घडली आणि मन दुसरे काही बोलायला तयार होईना. तेव्हा आज मी एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलणार आहे. समारंभाच्या दिवशी हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. दहा मिनिटे ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

माझी नणंद दौंडला असते. तिच्या यजमानांची उभी हयात रेल्वेत गेली. दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिच्या जिन्याखाली एका कुत्रीची चार पिल्ले होती. त्यातले एक तांबूस, कपाळावर पांढरा टिळा असलेले पिल्लू माझ्या आठ वर्षांच्या नातवाला सोडीना. नणंद म्हणाली, "वहिनी, न्या हो. दोन महिन्यांचे झाले आहे, आईवाचून राहील आता." मी नाही म्हणणार होते. माझ्या स्वयंपाकघरातला सोवळेपणा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे! पण नातवाच्या तोंडाकडे पाहिले आणि गप्प बसले. चौफुला-न्हावऱ्याच्या रस्त्याने एस.टी.तून टोपलीत बसून ते शिरूरला आले. आपली घोडनदी पुढे भीमेलाच मिळते. तेव्हा भीमेकाठचे लेकरू घोडनदीकाठी आले, पाण्याचे नाते आहेच, असे हे हसून म्हणाले. त्याचे नाव ठेवले मोती.

पहिल्या दोन रात्री मोती रडला. तिसऱ्या रात्री मीच उठले आणि माझे जुने लुगडे चुलीच्या कोपऱ्यात अंथरून दिले. कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही, हा माझा नियम तिथे मोडला. पाचव्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळी तो दाराशी जाऊन बसू लागला. घड्याळ त्याला कोणी शिकवले, देव जाणे.

आठव्या दिवशी त्याने दूधपोळी तशीच ठेवली. दुपारी ओकारी झाली, रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. सकाळी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सलाईन लावले, इंजेक्शने दिली, आणि 'लहान जीव आहे, सांगता येत नाही' असेही सांगितले. त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, मोती गेला. परसात लिंबाच्या झाडाखाली यांनी खड्डा खणला. नऊच दिवस तो आमच्याकडे होता.

भगिनींनो, माणूस गेले की काय करायचे हे आपल्याला माहीत असते. चूल पेटत नाही, शेजारणी पिठले-भाकरी घेऊन येतात, दहावा-तेरावा होतो. रडण्यालाही एक जागा आणि मुदत मिळते. कुत्र्याचे सुतक नसते. म्हणून मी त्याच सकाळी कुकर लावला, नातवाचा डबा भरला आणि डोळे पुसत पोळ्या लाटल्या. ज्या कोणी भेटल्या त्या म्हणाल्या, "आठ-नऊ दिवसांचे तर कुत्रे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? दुसरे आणा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. काही वर्षांपूर्वी आपल्याच आळीतल्या एका भगिनीची मांजर मेली, तेव्हा मीसुद्धा तिला हेच शब्द ऐकवले होते. ती बाई त्यानंतर माझ्यापाशी मांजरीचे नाव काढीनाशी झाली. तिला दुःख उरले नाही, असे मी तेव्हा समजले. आज कळते, तिने ते फक्त माझ्यापासून झाकून ठेवले होते.

दुःख दिवसांवर मोजायचे असते का? कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तिथला एक वीरगळ आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. सुमारे 950 सालचा हा दगड. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला होता. त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या आपल्या वीरावर खूश होऊन 'हवे ते माग' म्हटले. त्याने काय मागावे? राजाचा काळी नावाचा कुत्रा! पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडला आणि झुंजीत दोघेही मेले. मणलेराने देवळापुढे त्या कुत्र्याचा दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. मागून घेतलेला, अजून पुरता आपला न झालेला कुत्रा गेला, तरी त्या शूर गड्याला शोकाची लाज वाटली नाही. आपल्याकडेही संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. महाभारतात धर्मराजाच्या मागे शेवटच्या वाटेवर आलेले कुत्रे त्याने काही लहानाचे मोठे केले नव्हते. तरी त्याला सोडून त्याने स्वर्गाच्या रथात पाऊल टाकले नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट होती नातवाच्या प्रश्नाची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजी, आपण त्याला आणले म्हणून तो मेला का? दौंडलाच राहिला असता तर?" माझ्याही मनात तेच सलत होते. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि सगळे विचारून घेतले. ते तुम्हालाही सांगते, कारण त्याचा उपयोग आहे.

या रोगाला पार्व्हो म्हणतात. 1978 च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून त्याचे विषाणू पसरतात. ते मातीत कित्येक महिने टिकतात आणि आपल्या चपलांबरोबरही घरात येतात. शरीरात शिरल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनी रोग दिसू लागतो. म्हणजे मोतीला तो दौंडच्या जिन्याखाली जडला, वाटेत जडला की आमच्या अंगणात, हे कोणालाच सांगता येणार नाही. माणसांना या रोगाची बाधा होत नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस द्यावी आणि पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. सुमारे तीन महिन्यांनी रेबीजचीही लस द्यावी. पिल्लू खाईनासे झाले, ओकू लागले की घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. जिथे असे पिल्लू गेले, तिथली फरशी आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी अशा मिश्रणाने पुसावी, आणि लस पुरी न झालेले दुसरे पिल्लू तिथे लगेच आणू नये.

मोतीला मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे होते. 'जरा रुळू दे, मग नेऊ' म्हणत राहिले. हे मी नातवापुढे कबूल केले. मग त्याला म्हटले, "बाळ, तो कुठे असता तरी आजारी पडला असता की नाही, ते मला माहीत नाही. पण इथे त्याला नाव होते, लुगड्याची ऊब होती, आणि शाळेतून कोणी परत यायचे आहे हे त्याला कळत होते." तो पुष्कळ रडला. मीही रडले. त्या दिवसापासून तो नीट जेवू लागला.

आणखी एक सांगायचे राहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी एक शेजारीण झाकलेले ताट घेऊन आली. ताटात पिठले-भाकरी होती. ती ओट्यावर माझ्याजवळ बसली आणि काही वेळाने एवढेच म्हणाली, "त्याचे कान कसे होते हो?" मांजर गेलेली ती हीच भगिनी. मी तिची क्षमा मागितली. तिने ताटावरचे झाकण काढले आणि 'जेवा आधी' म्हणाली.

तेव्हा माझी मंडळाला दोन मागणी आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आपल्या आळीतल्या कुत्र्यांसाठी वर्षातून एक दिवस लस टोचण्याचा कार्यक्रम ठेवावा. माझ्या मुरांब्यांच्या विक्रीतून जे येईल ते मी त्यासाठी देईन. आणि कोणाच्या घरचे मुके जनावर गेले, तर 'कुत्रेच तर होते' असे म्हणण्याआधी आपण जरा तिच्या ओट्यावर जाऊन बसावे.